राजदूतचा क्रँक

पाटसहून बारामतीच्या रस्त्याला लागलं आणि रोटीचा घाट चढला, की आमचा दौंड तालुका एकदम दुसराच वाटायला लागतो. खाली भीमेच्या अंगाला कालव्याचं पाणी, ऊस, गुऱ्हाळांचा धूर, साखर कारखान्याचा भोंगा. वर मोकळा माळ. रोटी, हिंगणीगाडा, वासुंदे, जिरेगाव ही सगळी जिरायती गावं. आषाढी वारीत तुकोबांची पालखी या घाटानं वर जाते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. चढ कसा असेल ते बाहेरच्या माणसानं यावरून समजून घ्यावं.

या माळावर ज्वारी-बाजरी आली तर आली. रोख पैसा घरात यायचा तो दुधाचा, दर दहा दिवसांनी. वस्त्या लांब लांब, रस्ते नावापुरते, आणि डेअरीचं संकलन केंद्र खाली पाटसला. गाईची कास आणि ते केंद्र यांच्यामध्ये एक माणूस आणि एक मोटारसायकल असायची. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्या दोघांच्या मधल्या वाटेवर बावीस वर्षं काढली. गाडी होती राजदूत 175.

ही राजदूत मूळची पोलंडची. तिकडच्या एसएचएल नावाच्या गाडीवरून फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं साठच्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली. शहरातल्या लोकांना ती ‘बॉबी’ सिनेमातल्या छोट्या राजदूतमुळे आठवते. आमच्याकडे मात्र तिला कुणी कधी सिनेमातली गाडी म्हटलं नाही. ती दूधवाल्याची गाडी. तीन गिअर, जाड पत्र्याचे मडगार्ड, आणि मागं लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडून दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. हँडलला किटल्या, टाकीवर मापं आणि एखाद्या वस्तीवरच्या म्हातारीचं औषध. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. वेगात कमी होती, पण ओझ्याला कधी ‘नाही’ म्हणाली नाही.

तिच्या इंजिनाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या फेऱ्याफेऱ्याला ठिणगी पडते. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँकच्या डब्यात पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढलं जातं आणि पिस्टन खाली येताना तेच दाबून वर पाठवलं जातं. म्हणजे हा डबाच पंपाचं काम करतो, आणि म्हणून त्यात ऑइल भरून ठेवता येत नाही. क्रँकला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचं, लिटरमागे 40-50 मिली. तेवढ्या ओलाव्यावर मिनिटाला तीन-चार हजार फेरे. साध्या बुशाचं तिथं काम नाही. म्हणून कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग असतं, आणि ते अखंड बेअरिंग आत बसवता यावं म्हणून क्रँकच तुकड्यांत बनवलेला असतो: दोन जड गोल चकत्या, त्यांच्यामध्ये एक पिन, पिनेवर रोलर, रोलरवर रॉड. नट नाही, बोल्ट नाही, वेल्डिंग नाही. चकतीच्या छिद्रापेक्षा पिन केसभरापेक्षाही कमी मापानं जाड असते आणि ती दाबून बसवलेली असते. त्या दाबावर सगळा खेळ.

दाबून बसवलेलं दाबून काढताही येतं. शेकडो मैलांवरच्या कारखान्यात झालेली वस्तू दौंडच्या गल्लीत पुन्हा पहिल्यासारखी करता यायची ती यामुळे.

1994 साल. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. एप्रिलमध्ये गाडीच्या आवाजात एक नवीन आवाज मिसळला. गाडी ओझ्यावर असताना, घाटात दुसऱ्या गिअरला, खालून ठक ठक ठक. ॲक्सिलेटर सोडला की गायब. आण्णांना तो माझ्याआधी आठ दिवस ऐकू आला होता, पण ते बोलले नव्हते.

हायवेच्या फाट्यावर एक मिस्त्री होते. त्यांनी गाडी चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं आणि मूठ कानाला लावली. मग गाडी बंद करून हेड-ब्लॉक उतरवला, पिस्टन बाजूला केला आणि रॉड बोटांत धरून वर-खाली हलवला. रॉड थोडासा डाव्या-उजव्या अंगाला हलला तर घाबरायचं कारण नसतं. तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. वर-खाली मात्र जराही हलता कामा नये. आमचा हलत होता. टक टक असा हातालाच कळत होता.

“आण्णा, बिगेंड गेलंय.”

“किती दिवस काढंल?”

“दोन दिवस काढंल न्हायतर महिना. पण जाईल तवा घाटातच जाईल, आन रॉड तुटला तर केशिंग फोडून भाईर यील. मग इंजनच घ्या नवं.”

दोष गाडीचा नव्हता. माळावरची धूळ, रोजचं दीडपट ओझं, आणि अकरा वर्षं.

आता यात अडचण काय होती ते सांगतो. पैशाची होतीच, पण खरी अडचण दिवसांची होती. आमच्या भागात दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला डेअरीकडून उचल मिळायची, पेंडीला, गाय घ्यायला, कधी मुलीच्या लग्नाला. ती दहा दिवसांच्या पगारातून थोडी थोडी कापून घ्यायचे. (दुधाच्या बिलाला आमच्याकडे पगारच म्हणतात.) डेअरी त्या शेतकऱ्याला ओळखत नव्हती, ती ओळखायची आण्णांना. उचलीच्या कागदावर सही आण्णांची. अकरा घरांची मिळून 22 हजार रुपये उचल तेव्हा अंगावर होती. दूध येत राहिलं तर ती आपोआप फिटणार. दूध दुसरीकडं गेलं तर ती आमच्या डोक्यावर. आणि त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका डेअरीची जीप माळावर फिरायला लागली होती. लिटरला पंचवीस पैसे जास्त, आणि दारातून उचलणार.

त्या रात्री घरात कुणी फार बोललं नाही. सकाळी आईनं पदराच्या गाठीतून पैसे काढून आण्णांच्या हातात दिले. कुठले, ते विचारायची पद्धत नव्हती.

मिस्त्रींनी इंजिन खाली घेतलं आणि क्रँक सुतळीच्या गोणपाटात बांधून दिला. मी आणि चुलतभाऊ सायकलींवर दूध आणायला लागलो. रिकामे कॅन घेऊन घाट चढायचा, म्हणजे सायकल ढकलत, आणि भरलेले घेऊन उतरायचा. उतरणीवर चाळीस लिटर मागून ढकलत असताना सायकलचे ब्रेक म्हणजे नुसता देखावा. आम्ही चपला रस्त्याला घासत यायचो. सकाळचं दूध कसंबसं टिकायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळचं केंद्रावर पोहोचेपर्यंत फाटलं. सत्तर लिटर. केंद्रावरच्या माणसानं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं.

आण्णा तोवर दौंडला. दौंड हे रेल्वेचं गाव. रेल्वेत फिटर-टर्नरची नोकरी करून निवृत्त झालेली माणसं तिथं गल्लोगल्ली होती. त्यांच्यातल्या एकांचं घराच्या पुढच्या खोलीत लेथचं दुकान होतं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

दुकानात एक जुना लेथ, आणि लोखंडी चॅनेल जोडून त्यात ट्रकचा वीस टनी जॅक बसवून घरीच बनवलेला प्रेस. मामांनी क्रँक डिझेलमध्ये धुतला, पुसला, आणि दोन्ही चकत्यांवर आरपार एक बारीक रेघ ओढली. परत जोडताना कुठं काय होतं ते कळावं म्हणून. मग क्रँक प्रेसवर अडकवून जॅकचा दांडा हलवायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच होत नाही. दांडा जड होत जातो, चॅनेल कुरकुरतं. मग बंदुकीच्या बारासारखा एक आवाज होतो आणि पिन दोराभर सरकते. मी दचकलो. मामा म्हणाले, “ह्यो आवाज आला पायजे. आला न्हाई तर समजायचं, पिन आधीच ढिली हुती, आन मग चकतीच बाद.”

जुनी पिन निघाली. तिच्या एका बाजूला, जिथं पिस्टनचा मार बसतो, तिथं कातडी सोलावी तशी पोपडी निघाली होती.

आण्णांनी आधल्या दिवशी एका दुकानातून रॉडचं किट आणलं होतं: रॉड, पिन, रोलर, दोन वायसर. दुकानाचं नाव इथं नको. डबा रंगीत होता, वर सगळं छापलेलं होतं. मामांनी पिन डब्यातून काढली, मायक्रोमीटरमध्ये धरली, काही बोलले नाहीत. मग कानस घेतली आणि पिनेच्या टोकाला एकदा ओढली. कानस लागली. पिनेवर चकचकीत चरा उठला आणि बोटाला लोखंडाचा भुसा.

“हिला पाणी न्हाई,” मामा म्हणाले. पाणी म्हणजे पोलाद तापवून थंड करून वरचा थर कडक करतात ते. चांगल्या पिनेवर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. “मापातबी कमी हाय. आत्ता बशील, गाडी वाजायची बंद हुईल, तुमी मला चांगलं म्हनाल. दोन महिन्यांत परत हितंच.”

“मामा, चार दिवस झाले. दूध चाललंय दुसरीकडं,” आण्णा म्हणाले. “बसवा. दोन महिने तर दोन महिने.”

मला अजून आठवतं, मामांनी पिन परत डब्यात ठेवली, झाकण नीट लावलं आणि डबा आण्णांच्या बाजूला सरकवला. “दुसऱ्याकडं बशिवतील. माझ्याकडं न्हाई.”

आण्णांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला होता, आणि तो बरोबरच होता असं मला आजही वाटतं. तत्त्व मामांचं होतं, दूध आमचं फाटत होतं. मामांनी एका कागदावर आकडा लिहून दिला आणि म्हणाले, शटल आहे आत्ता, नाना पेठेत जा, या मापाची पिन मागा, कानस लावून बघा, लागली तर घेऊ नका. आण्णा काही न बोलता स्टेशनकडं निघाले. मी मागून पळालो. पुण्यात नाना पेठेत दोन तास फिरलो. तिसऱ्या दुकानदारानं कानस बघूनच डबा आत ठेवला. पाचव्यानं म्हटलं, “लावा, कितीही लावा.” ती घेतली. पैसे पहिल्या किटाच्या दुपटीला थोडे कमी.

पाचव्या दिवशी सकाळी क्रँक जोडायला घेतला. मामांनी पिन मापली आणि नुसती मान हलवली. “दोन थाऊ,” ते म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. जुने टर्नर त्याच मापात बोलायचे. छिद्रापेक्षा पिन दोन थाऊ जाड, म्हणजे मिलिमीटरचे पाच शतांश. पिन आधी एका चकतीत दाबली, मग वायसर, रोलर, रॉड, वायसर, आणि वर दुसरी चकती. ती दाबायच्या आधी दोन्ही चकत्यांच्या कडांवर, पिनेपासून काटकोनात, पोलादी पट्टी ठेवली आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते बघितलं. जॅक दोन दांडे मारायचा, थांबायचं, पट्टी लावायची, परत दोन दांडे. रॉडच्या बाजूला पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून जागा मोजली.

मला वाटलं झालं. खरं काम तिथून सुरू झालं.

क्रँक लेथच्या दोन टोकांमध्ये धरला आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर एकेक डायल गेज लावलं. हातानं सावकाश फिरवायचं आणि काट्यांकडं बघायचं. दोन चकत्या एकमेकींच्या मानानं किंचित पिळल्या असतील तर एक काटा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. पिनेच्या बाजूला मिटल्या किंवा फाकल्या असतील तर दोन्ही काटे बरोबरच चढतात, बरोबरच उतरतात. पिळाला एक उपाय, फाकण्याला दुसरा. मामा काटे बघत, खडूनं चकतीवर खूण करत, क्रँक काढून हातात धरत आणि तांब्याच्या हातोडीनं खुणेवर एकच घाव घालत. परत लेथवर. काटा बारा घरं हलत होता तो आठवर आला. परत घाव. पाचवर. परत, आणि एकदम नऊ. मामांनी हातोडी ठेवली, तंबाखू मळली, पाच मिनिटं नुसते बसून राहिले. आण्णा घड्याळ बघत होते. मग उठून त्यांनी उलट्या बाजूनं एक घाव घातला, पहिल्यापेक्षा हलका. चार.

“चालंल की आता,” आण्णा म्हणाले.

“चालंल. पण घाटात बेरिंगं खाईल.”

दुपारी दोनला दोन्ही काटे दोन घरांवर स्थिर झाले. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. वहीचं पान साधारण आठ-दहा घरं जाड असतं, म्हणजे पानाच्या चौथ्या हिश्शाइतका फरक, आणि तो एका म्हाताऱ्यानं हातोडीनं काढला. मजुरी 150 रुपये. जुनी पिन, रॉड कागदात गुंडाळून परत दिलं. गिऱ्हाइकाचं सामान गिऱ्हाइकाला, हा त्यांचा नियम. ती पिन आमच्या आईनं वेलदोडे कुटायला घेतली. अजून आहे.

त्याच रात्री मिस्त्रींनी गॅसबत्तीच्या उजेडात केशिंग गरम करून बेअरिंगं घातली, नवे ऑइल सील लावले, इंजिन चढवलं. सील महत्त्वाचे. डबा पंपाचं काम करतो म्हटल्यावर त्यातून वारा गळून चालत नाही. सहाव्या दिवशी पहाटे गाडी चालू झाली. आवाज असा की शेजारचा म्हातारा उठून आला आणि म्हणाला, “नवी घेतली का काय?”

पण नवीन क्रँकला पहिले चार-पाचशे किलोमीटर ओझं देता येत नाही. रोलर, पिन, पिस्टनच्या रिंगा एकमेकींना सरावायला लागतात. मिस्त्रींनी बजावलं होतं: एकाच बाजूला कॅन नको, दोन्हीकडं अर्धे अर्धे, चढाला थांबत जा, ऑइल जरा जास्त. म्हणजे एका फेरीच्या दोन फेऱ्या. आण्णा पहाटे तीनला निघायचे. पंधरा दिवस ते आणि मी, ते गाडीवर आणि मी सायकलवर, असं ते दूध उतरवलं. वस्तीवरच्या बायका म्हणायच्या, गाडी दुरुस्त झाली तरी पोरगं सायकलवर का? त्यांना काय सांगणार.

अकरांपैकी आठ घरं राहिली. तीन जीपकडं गेली. त्यातल्या एकानं उचल स्वतःहून आणून दिली, रात्री, कुणाला दिसू नये असा. दोघांनी दिली नाही. ती साडेपाच हजार आण्णांनी पुढच्या दीड वर्षात आपल्या कमिशनमधून फेडली. त्या दोघांशी ते पुढं बोलत राहिले, लग्नाला गेले. मला ते जमलं नसतं.

गाडी त्यानंतर सहा वर्षं त्याच क्रँकवर चालली. 2000 साली पुन्हा मामांकडंच एकदा बनवला. तोवर सगळंच बदलत होतं. 1996 आणि 2000 साली धुराचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक गाड्या एकेक करून बंद पडल्या, आणि शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्यांनी गावं भरली. मग वस्त्यांवर पिकअप यायला लागले, गावागावांत बल्क कूलर बसले, आणि आण्णांसारख्यांची गरज संपली. त्यांनी तक्रार केली नाही. घाटही आता पालखी मार्गात रुंद झालाय. चारचाकी टॉप गिअरला चढते.

टू-स्ट्रोक पुन्हा ऐकू येतात ते वेगळ्याच कारणानं. माझ्या पुतण्यानं मागच्या वर्षी जुनी आरएक्स हंड्रेड घेतली, जवळजवळ लाखाला. 98 सीसीची ही गाडी 1985 साली आली तेव्हा राजदूतवाले आण्णा तिला ‘काडेपेटी’ म्हणायचे. पुतण्या तिचा क्रँक बनवून घेऊन आला, दुकान चकचकीत, प्रेस इलेक्ट्रिकवरचा. आण्णांना आता ऐकू कमी येतं. त्यांनी चालू गाडीच्या टाकीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि विचारलं, “काटं किती घरं सोडलं रं त्यानं?” पुतण्याला प्रश्नच कळला नाही.

मामा आता नाहीत. त्यांचा लेथ भंगारात गेला. डायल गेजं मात्र त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका माणसानं ठेवून घेतली. तो कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि रविवारी घरी ही कामं करतो. आमची राजदूत गोठ्याच्या कडेला उभी आहे, क्रँक तिसऱ्यांदा गेलेला. भंगारवाला दोनदा येऊन गेला. या दिवाळीत पुतण्यानं कुठून तरी किट मिळवलं, जुना साठा, पिवळा पडलेला डबा. त्यानं तो आण्णांसमोर उघडला. आण्णांनी पिन उजेडात धरून फिरवली आणि कानस मागितली. घरात कानस सापडेना. शेवटी शेजाऱ्याकडून आणली. आण्णांनी ती पिनेच्या टोकाला दोनदा ओढली, अंगठा फिरवून बघितला आणि पिन पुतण्याच्या हातात दिली.

“रविवारी जा,” ते म्हणाले, “आन घाई करू नको म्हनावं त्याला.”